गिऱ्हाईक आधी, कंपनी नंतर

मराठी मध्यमवर्गीय घरात पूर्वी मुलगा ‘धंदा करतो’ म्हणाला की आई डोळ्यांना पदर लावी आणि वडील समजूत घालायला मामाला बोलावून घेत. आता काळ बदलला आहे. मुलाने किंवा मुलीने ‘स्टार्टअप काढतो’ म्हटले की तेच वडील ही बातमी कौतुकाने चार ठिकाणी सांगतात. शब्द इंग्रजी झाला आणि धंद्याला प्रतिष्ठा आली. एका परीने हे चांगलेच झाले. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली. जानेवारी २०२५ पर्यंत दीड लाखाहून अधिक उद्योगांना तिच्याखाली मान्यता मिळाली आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला आहे. ज्या समाजाला ‘नोकरदारांचा समाज’ म्हणून वर्षानुवर्षे हिणवले गेले, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

पण या प्रतिष्ठेच्या पाठोपाठ एक गैरसमजही घरात शिरला आहे. तो असा, की आधी कंपनी नोंदवावी, तिला छानसे नाव व बोधचिन्ह घ्यावे, मग एखादा गुंतवणूकदार गाठावा, त्याच्या पैशातून जागा आणि माणसे घ्यावीत, सहा-आठ महिने खपून सॉफ्टवेअर तयार करावे आणि सर्वांत शेवटी ते कोण विकत घेईल याचा शोध घ्यावा. मला हा सगळा क्रमच उलटा वाटतो. छोट्या सॉफ्टवेअर धंद्याने पहिला रुपया गिऱ्हाइकाकडून घ्यावा आणि तो हातात पडेपर्यंत कंपनी काढण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सांगण्याचा माझा अधिकार फार मोठा नाही. पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावच्या दूध संस्थांना लागणारे सॉफ्टवेअर आम्ही तयार करतो. या उद्योगाला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. आमच्या कंपनीचे नाव वाचकांनी ऐकलेले नसेल आणि त्याची खंतही नाही. मात्र अठरा माणसांचे पगार दर महिन्याच्या एक तारखेला होतात. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी तरुण मुले, आणि हल्ली त्यांचे पालकही, सल्ला विचारायला घरी येतात. ‘घर गहाण ठेवून पैसे उभे करू का?’ असा प्रश्न एखादा निवृत्त शिक्षक विचारतो, तेव्हा उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागतात. त्या सगळ्यांना जे एकेकटे सांगतो, ते आज एकत्र मांडतो आहे.

आधी जुने दाखले पाहू. पुण्यात १९८१ साली सात जणांनी इन्फोसिस सुरू केली, त्या वेळी नारायण मूर्ती यांना सुधा मूर्ती यांनी दिलेले दहा हजार रुपये हे भांडवल होते, ही कथा घरोघरी माहीत आहे. पण त्या कथेतला महत्त्वाचा भाग आपण विसरतो. कंपनीला न्यूयॉर्कमधील डेटा बेसिक्स कॉर्पोरेशनचे काम मिळाले होते आणि स्वतःचा संगणक मात्र १९८३ पर्यंत नव्हता. म्हणजे संगणक नसताना गिऱ्हाईक होते! भागभांडवल विक्रीसाठी कंपनी बाजारात आली ती १९९३ मध्ये, बारा वर्षांनी.

दुसरा दाखला पुण्याचाच. कैलास काटकर यांचा धंदा कॅलक्युलेटर दुरुस्तीचा. पुढे दुरुस्तीला संगणक येऊ लागले आणि त्यांतले पुष्कळसे व्हायरसने बिघडलेले असत. संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय यांनी, त्यावर उपाय म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ जन्माला आले. दुखणे काय आहे हे आधी दुकानाच्या टेबलावर दिसले आणि औषध नंतर तयार झाले. मोठा गुंतवणूकदार आला तो २०१० मध्ये.

तिसरा दाखला ‘टॅली’चा. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यापाराचे हिशेब ठेवण्यासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते लिहायला सांगितले. हे १९८६ चे बंगळूर. या सॉफ्टवेअरचे पहिले गिऱ्हाईक घरातच होते आणि ते साधेसुधे नव्हते, कसलेला व्यापारी होते. चेन्नईच्या झोहोचे उदाहरण तर अलीकडचे आहे. १९९६ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही कंपनी बाहेरच्या साहसवित्ताशिवाय वाढत वाढत जगभर पोचली.

या चारही गोष्टींत हुशारी आणि नशीब होते, हे मान्य. पण चौघांच्याही बाबतीत कुणाचे तरी खरे काम अडलेले होते आणि ते काम सोडवून घ्यायला तो माणूस पैसे मोजायला तयार होता. छोट्या धंद्याचा पाया तो हाच.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे गिऱ्हाईक निवडणे. ‘आमचे सॉफ्टवेअर कोणत्याही व्यवसायाला चालते’ असे कुणी सांगू लागला की मी ओळखतो, याचे अजून एकही विकले गेलेले नाही. ज्याचे काम आपण जवळून पाहिले आहे असा एकच व्यवसाय धरावा. आपल्याभोवती असे व्यवसाय थोडे नाहीत. द्राक्षबागाईतदारांची औषधफवारणीची नोंद, ऊसतोडणीच्या टोळ्यांची उचल, छापखान्याचे कागदाचे हिशेब, खासगी शिकवण्यांची फी, मंगल कार्यालयाची नोंदवही, गावच्या पतसंस्थेचे पिग्मी खाते. यातले प्रत्येक काम वरून सोपे दिसते आणि आत शिरले की त्याचे स्वतःचे कायदे सुरू होतात.

आमच्या दुधाचेच उदाहरण घ्या. सकाळी सहाला संस्थेच्या दारात किटल्या घेऊन माणसांची रांग लागते. दूध मोजायचे, फॅट आणि एसएनएफ तपासायचे, गाय आणि म्हैस यांचे दरपत्रक वेगळे, त्यानुसार रक्कम काढायची आणि पावती हातात द्यायची. दहा दिवसांनी बिल होते. त्यातून पशुखाद्याची उधारी, घेतलेली उचल, कर्जाचा हप्ता अशा कपाती होतात. दिवाळीच्या सुमारास वर्षाचा दरफरक वाटला जातो आणि त्यासाठी वर्षभराचे लिटर पुन्हा मोजावे लागतात. शहरातून आलेल्या एका विक्रेत्याने एकदा आमच्या देखत एका संस्थेच्या सचिवाला रंगीबेरंगी आलेख दाखवले. सचिवाने शांतपणे दोन प्रश्न विचारले. पावती किती सेकंदात निघते? आणि मध्येच वीज गेली तर आधीच्या नोंदी राहतात का? विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दरफरकाचा तर उल्लेखच नव्हता. आलेखात काही चूक नव्हती, पण रांगेत उभ्या असलेल्या चाळीस माणसांना आलेख नको असतो.

म्हणून मी मुलांना सांगतो, पहिली ओळ लिहिण्यापूर्वी पंधरा दिवस त्या व्यवसायाच्या ठिकाणी जाऊन बसा. गल्ल्याशेजारी बसा, वही पाहा, महिनाअखेरीची धावपळ पाहा. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारू नका, कारण सभ्य माणूस तुम्हाला बरे वाटेल असे काहीतरी सांगतो. ‘गेल्या महिन्यात हिशेब कुठे चुकला, किती वेळ गेला, त्यापायी पैसे किती गेले?’ असे विचारा. असे वीस जण भेटून त्यांतल्या पाच जणांनी एकच तक्रार सांगितली, तर धंदा आहे असे समजा. वीस जणांच्या वीस तक्रारी असतील तर व्यवसाय बदला.

आज हे सांगण्याला आणखी एक कारण आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यानंतरच्या काळात यंत्राला सांगून प्रोग्रॅम लिहून घेणे शक्य झाले. जे काम दोघे जण चार महिने करीत, त्याचा पहिला कच्चा आराखडा आज आठवड्यात उभा राहतो. याने तरुण मुले एकाच वेळी खूश आणि घाबरलेली दिसतात. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. जे सर्वांना सहज करता येते त्याला बाजारात भाव राहत नाही. प्रोग्रॅम लिहिणे स्वस्त झाले, तेव्हा दरफरक म्हणजे काय हे ठाऊक असणे महाग झाले. आणि यंत्राने लिहिलेला प्रत्येक हिशेब आपल्याला कळलाच पाहिजे. दरात दहा पैशांची चूक झाली तर उत्तर द्यायला यंत्र येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सभासद संस्थेत जमतात आणि सचिव फोन तुम्हाला लावतो.

दुसरी पायरी पैशाची, आणि इथे मराठी माणूस अडखळतो. काम चोख करील, रात्र रात्र जागेल, पण ‘याचे किती द्यायचे?’ असे समोरच्याने विचारले की ‘पैशाचे काय, बघू नंतर’ हे शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघतात. हा संकोच म्हणजे सभ्यपणा अशी आपली समजूत आहे. वास्तविक किंमत हा गिऱ्हाइकाच्या मनाचा एकमेव खरा कौल असतो. शंभर जण ‘छान आहे’ म्हणतात त्याला अर्थ नाही. एकाने धनादेश लिहिला की त्याला अर्थ आहे. वापरून पाहायला महिनाभर फुकट द्यावे, पण तो महिना कोणत्या तारखेला संपतो हे कागदावर लिहून द्यावे.

थोडे अंकगणित करून पाहू. समजा दोन भागीदार आहेत आणि दोघांचा घरखर्च, प्रवास, इंटरनेट सारे धरून महिन्याला ६० हजार रुपये लागतात. वर्षाचे झाले ७ लाख २० हजार. सॉफ्टवेअरचे शुल्क वर्षाला १२ हजार ठेवले तर खर्च भागायला ६० गिऱ्हाइके हवीत. आठवड्याला एक याप्रमाणे गिऱ्हाईक मिळाले, आणि हा वेग नवख्याला मुळीच सोपा नाही, तर वर्षाअखेर ५२ होतात. वर्षाचे पैसे आगाऊ घेतले असतील तर ६ लाख २४ हजार रुपये जमा होतात आणि तूट ९६ हजारांची राहते. तेच शुल्क महिन्याला एक हजार याप्रमाणे घेतले, तर उशिरा आलेल्या गिऱ्हाइकांचे थोडेच महिने भरत असल्याने वर्षभरात हाती येतात सुमारे तीन लाख. म्हणजे तूट चार लाखांच्या आसपास! गिऱ्हाईक तेच, सॉफ्टवेअर तेच, मेहनत तीच. फरक फक्त पैसे कधी घेतले याचा. आगाऊ घेतलेले वार्षिक शुल्क ही बिनव्याजी गुंतवणूक असते आणि तिच्या बदल्यात कंपनीचा हिस्सा कुणाला द्यावा लागत नाही.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट नवी मुले हमखास धरत नाहीत. ती म्हणजे फोन. साठ गिऱ्हाइके म्हणजे साठ फोन, आणि ते सोयीने विखरून येत नाहीत. आमच्याकडे दहा दिवसांचे बिल असल्यामुळे एक, अकरा आणि एकवीस तारखेला सगळ्यांचे फोन एकाच वेळी खणखणतात. शाळांचे सॉफ्टवेअर असेल तर जूनमध्ये, हिशेबाचे असेल तर मार्चअखेर हीच गत. म्हणून पहिला पगारी माणूस घ्यायचा तो दुसरा प्रोग्रॅमर घेऊ नका. शांत डोक्याचा, गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलणारा आणि ‘तुमच्याच हातून काहीतरी दाबले गेले असेल’ असे कधीही न म्हणणारा माणूस घ्या.

तसेच प्रत्येक गिऱ्हाईक ‘आमच्यापुरते एवढे बदलून द्या’ म्हणेल. होकार देत गेलात तर दोन वर्षांनी तुमच्याकडे साठ वेगवेगळी सॉफ्टवेअर असतील आणि एकही नीट चालत नसेल. आमचा नियम असा, की तिघांनी स्वतंत्रपणे मागितलेला बदल सर्वांसाठी करायचा. एकट्याला हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे घ्यायचे. पैशाचे नाव काढताच निम्म्या मागण्या विरून जातात.

आता कागदपत्रांकडे वळू. या बाबतीत आपले तरुण एक तर फारच घाई करतात किंवा पूर्ण दुर्लक्ष करतात. पहिल्या पाच-दहा गिऱ्हाइकांसाठी प्रोप्रायटरशिप किंवा साधी भागीदारी पुरते. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. ती झाली की बिलावर १८ टक्के चढतात, म्हणून पहिल्या दिवसापासून दरपत्रकात ‘कर वेगळा’ असे लिहावे. मात्र प्रोप्रायटर आणि साधा भागीदार यांची जबाबदारी अमर्याद असते. धंद्याचे देणे घरावर येऊ शकते. म्हणून काम वाढू लागले की मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे एलएलपी, सोयीची पडते. तिची उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत लेखापरीक्षण सक्तीचे नाही. प्रायव्हेट लिमिटेडला ते एक रुपयाचा धंदा नसला तरी दरवर्षी करावे लागते. हौसेने काढलेल्या आणि नंतर बंदही करता न आलेल्या कंपन्यांचे दप्तर आमच्या ओळखीच्या सनदी लेखापालांच्या कपाटात पडून आहे.

उलट ज्या कागदाकडे दुर्लक्ष होते तो मालकीचा. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या, संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची असते. पण बाहेरच्या मित्राकडून ठोक पैसे देऊन लिहून घेतलेला प्रोग्रॅम, लेखी हस्तांतर नसेल तर, त्या मित्राचाच राहतो. लेखी हस्तांतर केले पण त्यात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. एका ओळीच्या आळसापायी सहाव्या वर्षी आपलेच सॉफ्टवेअर परके होऊ शकते. जे नोकरी सांभाळून हा उद्योग करतात त्यांनी आपले नेमणूकपत्रही एकदा बारकाईने वाचावे. पुष्कळ कंपन्या फावल्या वेळेतल्या कामावरही हक्क सांगतात. कार्यालयाचा लॅपटॉप तर या कामासाठी उघडूच नये.

भागीदारीचेही तसेच. वर्गमित्र म्हणून दोघे अर्धा-अर्धा हिस्सा घेतात आणि दीड वर्षाने एकाला परदेशात नोकरी लागते. तो जातो, त्याचा अर्धा हिस्सा मात्र इथेच राहतो आणि मागे राहिलेला जन्मभर दुसऱ्यासाठी राबतो. हिस्सा पहिल्या दिवशी पूर्ण देऊ नये. चार वर्षांत, काम करील तसतसा, मिळावा. मतभेद झाल्यास कोणत्या विषयात कोणाचा शब्द शेवटचा, हेही लिहून ठेवावे. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांची मैत्रीच पुढे न्यायालयात गेलेली मी पाहिली आहे.

वसुलीबद्दल दोन शब्द. आमचे एका मोठ्या संस्थेकडचे बिल चौदा महिने अडकले होते. रोज ‘साहेब बाहेर आहेत’ असे उत्तर मिळे. लहान धंदा तोट्याने मरतो त्यापेक्षा अधिक वेळा थकबाकीने मरतो. यावर कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल, करारात काहीही लिहिलेले असले तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागते. करारच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होते. २०२३ च्या वित्त कायद्याने तर असे बिल मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही, अशी सोय केली. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. काम सुरू करण्याआधीच ती करावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. भांडायची वेळ फार येत नाही. क्रमांक दिसला की समोरचा लेखापाल बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो.

आणि एक जबाबदारी, जिच्याकडे पाठ फिरवता येत नाही. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये लोकांचे फोन, बँक खाती, व्यवहार साठतात. ती माहिती आपली नसते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यातील दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, गावातल्या हजार कुटुंबांचा हिशेब तुमच्या हाती आहे. त्याची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहा. न तपासलेली प्रत ही असून नसल्यासारखी. गिऱ्हाईक सोडून जाऊ लागले तर त्याची माहिती त्याला विनातक्रार काढून द्या. जाताना चांगला वागवलेला माणूस आणखी दोघांना पाठवून देतो.

यावर कुणी म्हणेल, तुमचे हे सगळे दुकानदारी शहाणपण झाले. असे करीत बसलो तर मोठे कधी होणार? आक्षेप रास्त आहे. काही धंदे असे असतात की त्यांना सुरुवातीलाच मोठे भांडवल लागते. औषधसंशोधनाचे सॉफ्टवेअर, देशभर एकाच वेळी पसरावे लागणारे पैशांच्या देवघेवीचे जाळे, ही कामे साठ गिऱ्हाइकांच्या वर्गणीवर उभी राहत नाहीत. तिथे गुंतवणूकदार हवाच. पण त्या पैशालाही स्वतःची घाई असते, हे ध्यानात ठेवावे. ज्या बायजूजचे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर लावले गेले होते, तीच कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. भांडवल म्हणजे वेग. रस्ता बरोबर आहे की नाही ते भांडवल सांगत नाही, ते गिऱ्हाईकच सांगते. शिवाय शंभर गिऱ्हाइके पदरी असलेल्या माणसाशी गुंतवणूकदार ज्या अटींवर बोलतो, त्या अटी नुसती कल्पना घेऊन गेलेल्याला कधीच मिळत नाहीत. त्यामुळे पुढे पैसा घ्यायचा असेल त्यानेही सुरुवात इथूनच करावी.

धीर मात्र लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. आपल्या काळात दोन वर्षे कुणाला परवडणार? म्हणूनच घराचा विचार आधी करावा. बारा ते अठरा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्याला धंद्यासाठी हात लावू नये. घर गहाण ठेवू नये, आईचे दागिने मोडू नयेत. ज्या धंद्याला दहा गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे दिले नाहीत, त्याला आईने का द्यावेत? आणि थांबायचे कधी, हेही सुरुवातीलाच ठरवावे. वर्षभरात नातेवाईक सोडून दहा जणांनी पैसे मोजले नाहीत, तर ते सॉफ्टवेअर बंद करावे. यात अब्रू जात नाही. त्या वर्षात एक व्यवसाय आतून कळलेला असतो, आणि हे ज्ञान कोणतेही महाविद्यालय देत नाही. खरे नुकसान होते ते चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत ‘आता गुंतवणूक येणारच’ म्हणून वाट पाहणाऱ्यांचे. त्यांचे पैसे जातात त्याहून अधिक वय जाते, आणि लग्नाच्या बैठकीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत सगळीकडे त्याची किंमत मोजावी लागते.

महाराष्ट्रातली हुशार मुले संगणक शिकतात आणि हिंजवडीला किंवा परदेशी जाऊन दूरच्या कुणाचे तरी काम सोपे करतात. त्यात वाईट काही नाही. पण सांगलीचा हळदीचा अडत्या, मालवणचा मच्छीमार, लातूरचा डाळमिलवाला यांची कामे अजून वहीत आणि व्हॉट्सअॅपच्या निरोपांत अडकलेली आहेत. त्यांच्या भाषेत, त्यांच्या हिशेबाच्या रीतीने काम करणारे सॉफ्टवेअर बाहेरचा कुणी येऊन लिहील, ही शक्यता कमी. ते इथल्या मुलांनाच जमेल, आणि त्यातून तालुक्याच्या गावी पाच-पंचवीस चांगल्या नोकऱ्या तयार होतील. अशा शे-दोनशे छोट्या कंपन्या मला एका अब्जाधीश कंपनीपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

आज रविवार आहे. उद्या सोमवारी आमच्या गावात बाजारपेठ बंद असते. ज्यांच्या डोक्यात कंपनीच्या नावाचा घोळ चालू असेल त्यांनी तो खुशाल दोन दिवस घालावा. मंगळवारी सकाळी मात्र एखाद्या ओळखीच्या दुकानात जाऊन गल्ल्याशेजारी बसावे आणि गेल्या महिन्यात हिशेब कुठे चुकला, ते विचारावे.